पिवळ्याचा पट्टा

माझं डोकं लवकर फिरतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढं वाचताना कुणी मला शांत, समजूतदार माणूस धरून चालायचं. तहसील कचेरीत उभा जन्म कारकुनी केली, साहेब लोकांसमोर मान खाली घातली, तरी आवाज काही खाली आला नाही. बायको म्हणते, तुम्ही नुसता चहा मागितला तरी शेजाऱ्यांना वाटतं घरात भांडण चाललंय. असेल बाबा. पण आमच्या ठेकेदारापुढं मी म्हणजे अगदीच गरीब गाय.

ठेकेदार मूळचा केदारखेड्याचा. घरची जमीन चांगली. ती थोरल्या भावाच्या हवाली करून हा रस्त्यांचे, नाल्यांचे, शाळेच्या कंपाउंडचे ठेके घ्यायला लागला आणि जालन्यातच घर बांधून राहिला. माणूस कसा, तर चारचौघात बसला की बाकीचे सगळे आपल्या साइटवरचे मजूर आहेत असं समजून बोलणार. 'अरे येड्या' म्हटल्याशिवाय त्याचं वाक्यच सुरू होत नाही. तुम्ही काही गोष्ट सांगायला घ्या, शेवट हा सांगून मोकळा. तुमच्या घरी पोटभर जेवेल आणि भाजीत मीठ कमी होतं हे तुमच्याच बायकोला तोंडावर सांगेल. मनात येईल ते जिभेवर, मधे कुठं थांबाच नाही.

आम्ही चौघं भोकरदनच्या शाळेतले वर्गमित्र. मी, ठेकेदार, मेडिकलवाला आणि मास्तर. मेडिकलवाल्याचं जालन्यात औषधाचं दुकान आहे. मास्तर म्हणजे चित्रकलेचा शिक्षक, आमच्यात सगळ्यात गरीब स्वभावाचा. शाळेतसुद्धा कुणी त्याची पेन्सिल घेतली तर तो दुसरी आणायचा, पहिली मागायचा नाही. दर रविवारी सकाळी जालन्याच्या मस्तगडातल्या माझ्या घरी, वरच्या खोलीत, चटईवर आम्ही बसतो आणि जुनी कॉमिक्स वाचतो. हसायचं तर हसून घ्या. पन्नाशी मागं पडलेले बाप्ये, कुणी चष्मा कपाळावर चढवलेला, कुणी पुस्तक हातभर लांब धरलेलं. माझी सून पाहुण्यांना खाली सांगते, "बाबांची मीटिंग चालू आहे."

ह्याचं मूळ भोकरदनच्या स्टँडासमोरच्या एका दुकानात आहे. तिथं कॉमिक्स भाड्यानं मिळायची, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी टांगलेली. बाकावर बसूनच वाचायची, घरी न्यायची नाहीत. सगळी हिंदी. आमची हिंदी शाळेपेक्षा त्या बाकावरच जास्त पक्की झाली. त्यातली आमची जीव की प्राण मालिका म्हणजे पाच वीरांची टोळी. नावं त्यांची भारदस्त होती, पण आम्ही रंगावरून ओळखायचो. टोळीची प्रमुख निळी बाई, ती पाणी गोठवायची. आणि त्यात एक होता पिवळ्या. पिवळ्यानं हात लावला की लोखंड लोण्यासारखं वितळायचं. ताकद एवढी, पण तोंड त्याहून मोठं. सगळ्यांना नावं ठेवायचा, कामाला उशिरा यायचा, चोर दुसऱ्यानं पकडला की त्याच्याशेजारी छाती काढून हा उभा. निळ्या बाईलाही सरळ म्हणायचा, "तुम्हें आता क्या है?" मास्तरला पिवळ्या बिलकुल सहन व्हायचा नाही. ठेकेदाराला मात्र पिवळ्याच आवडायचा. आमची ओळख एवढी जुनी, तरी हे असं का हे मला फार उशिरा उमगलं.

मग तो अंक आला. टोळी एका धरणावर पहारा देतेय आणि निळी बाई बजावून सांगते, मी खूण केल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही. पिवळ्याला कसला धीर! सगळी वाहवा एकट्याला मिळावी म्हणून त्यानं आधीच जाऊन दार वितळवलं. पाणी सुटलं. माणसं कशीबशी वाचली, पण खालच्या वस्तीतली घरंदारं वाहून गेली. निळी बाई टोळीला गोल उभं करते, एकेकाला विचारते, आणि पिवळ्याच्या कमरेचा पट्टा काढून घेते. पट्टा म्हणजे त्या टोळीची ओळख. पट्टा गेला की माणूस गेला. त्या पानावर पिवळ्या पहिल्यांदाच एवढासा काढला होता, पाठमोरा, कोपऱ्यात. मला बाकावर रडू आलं. ठेकेदार माझ्याकडं बोट दाखवून खो खो हसला, आणि हसता हसता त्यानंही बाहीनं डोळे पुसले.

पुढच्या अंकात लोखंडी राक्षस येतो आणि टोळीला मुठीत धरतो. वर टेकडीवर पिवळ्या एकटा उभा आहे, कमरेला पट्टा नाही, नुसता बघतोय. आणि इथंच घोडं पेंड खातं, कारण पुढची पानंच नाहीत! भाड्याच्या कॉमिकचं हे ठरलेलं असायचं, शेवटची पानं आधी सुटायची आणि कुणाच्या तरी खिशातून पसार व्हायची. त्याच्याही पुढचा अंक बघावा, तर पिवळ्या परत टोळीत, पट्टा बांधून, तोंड पहिल्यासारखंच चालू. म्हणजे त्याला परत घेतला, एवढं नक्की. पण कसा घेतला? मोठेपणी आम्ही रद्दीवाल्यांकडून ही मालिका जमवली, तेव्हाही तो अंक मिळाला तो तसाच, शेपूट तुटलेला. आमच्या कितीतरी रविवारच्या बैठका ह्या एका प्रश्नावर गेल्या.

ठेकेदाराचं म्हणणं, पानं सुटायच्या आधी त्यानं तो अंक वाचला होता. "पिवळ्या काही फुकट वितळवत न्हाई. टेकडीवरून खाली येतो अन् म्हणतो, पहले पट्टा दो! बाई पट्टा देती, मंग तो राक्षस वितळवतो. रोखठोक काम. अरे येड्यांनो, ठेकेदारी मी त्याच्याकडूनच शिकलो." मेडिकलवाला म्हणायचा, हा थापा मारून राह्यला. मी म्हणायचो, असं फालतू कोण लिहील. मास्तर नुसता ऐकून घ्यायचा.

मास्तर गेल्या वर्षी रिटायर झाला आणि पावसाळाभर घरात बसून त्यानं ती गहाळ पानं स्वतःच काढली. आम्हाला पत्ता लागू दिला नाही. एका रविवारी पिशवीतून फाइल काढली आणि म्हणाला, "हसू नका बरं का."

हसतोय कशाला? मी बघतच राहिलो. जाड कागद, काळी शाई, वर रंग. त्यात पिवळ्या टेकडीवरून उतरतो. कुणाशी बोलत नाही. दोन्ही हात राक्षसाच्या छातीवर टेकवतो आणि राक्षस वितळून जातो. पिवळ्याचे तळवे भाजून निघालेत. टोळी सुटते. आणि शेवटचं पान सगळं एकाच चित्राचं: पिवळ्या पाठ फिरवून निघालाय आणि मागून निळी बाई हातात पट्टा घेऊन धावत येतेय. त्या पानावर शब्द नव्हता, बोलण्याचा फुगा नव्हता, काही नाही. मेडिकलवाल्यानं चष्मा काढून पुसला. मास्तर आमच्या तोंडाकडं बघत होता. एवढा खूश मी त्याला त्याच्या मुलाच्या लग्नातही बघितला नव्हता.

तेवढ्यात ठेकेदारानं कागद ओढून घेतले. "अरे येड्या, हे काय काढलं? पिवळ्या मुका झाला का? अन् हा राक्षस हाय का पाण्याचा टँकर?"

"मला असं वाटलं," मास्तर हळूच म्हणाला.

"वाटून काय होतं? मी वाचलंय ना!" असं म्हणून त्यानं खिशाचा बॉलपेन काढला. साइटवर भिंतींवर खुणा करायची सवय. आम्ही हां हां म्हणेपर्यंत ह्या गड्यानं त्या शेवटच्या पानावर, पिवळ्याच्या डोक्यावर, फुगा काढला आणि त्यात ठळक अक्षरात लिहिलं: पहले पट्टा दो! असं दाबून लिहिलं की कागदाच्या मागच्या बाजूला अक्षरं उमटली.

मास्तरनं कागद परत घेतले, फायलीत ठेवले, फाइल पिशवीत ठेवली. मी जिन्यापर्यंत त्याच्यामागं गेलो. तिथं तो मला म्हणाला, "तो येणार असंल तर मी न्हाई येणार इथं. भांडण न्हाई माझं. पण न्हाई येणार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर आलो आणि ठेकेदाराला म्हणालो, "ऊठ."

"काय झालं?"

"ऊठ म्हणतो ना! माझ्या घरातून चालता हो. परत पाय ठेवला तर बघ."

"अरे पण बराबर तेच होतं ना त्याच्यात! मी काय खोटं लिहिलं का?"

"निघ!" मी एवढ्या जोरात ओरडलो की खालून बायको धावत आली. ठेकेदार गेला. मेडिकलवाल्यानं लगेच त्याला मोबाइलच्या ग्रुपमधूनही काढून टाकलं. मला ह्याचं तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मास्तरच्या चित्रावर पेन चालवणाऱ्याला आजही मी असाच हाकलीन.

पण एक गोष्ट मला ठाऊक होती. ठेकेदाराची बायको दोन-तीन वर्षांपूर्वी गेली. एकुलती लेक पुण्यात सासरी. ठेके त्यानं हळूहळू बंद केले, कारण ज्या साहेबांशी भांडायचं तेही आता त्याच्या लेकीच्या वयाचे. घरात टीव्ही आणि हा. आठवड्यातला रविवार तेवढा त्याचा होता, आणि तो आम्ही काढून घेतला होता.

पुढच्या रविवारी खिडकीतून बघतो, तर समोरच्या चहाच्या टपरीवर ठेकेदार! बाकावर बसलेला, हातात चहा, नजर माझ्या घरावर. मला वाटलं माफी मागायला आलाय, येईल वर. कुठलं काय. आमची बैठक उठली, मास्तर गेला, मेडिकलवाला गेला, मग हाही गेला. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. त्याच्याही पुढच्या. टपरीवाला मला विचारायला लागला, "काका, हे साहेब कुणाची वाट पाहून राह्यले?"

मग लक्षात यायला लागलं. आमच्या गल्लीत पाणी आलं नाही, तसं ते नेहमीच येत नाही, पण त्या रविवारी कुणी न सांगता एक टँकर दारात हजर. पुढं ठेकेदार, ड्रायव्हरवर ओरडत, "मागं घे, मागं घे, जल्दी!" आणि टँकरनं मागं येत येत माझ्या घराच्या पायरीचा कोपरा उडवला. मी खिडकीतून शिव्या घातल्या. तो नुसता वर बघत राहिला, मी बोलावतो का म्हणून. मेडिकलवाल्याची आई घसरून पडली, तेव्हा ह्याला कुठून कळलं देव जाणे, आमच्या आधी गाडी घेऊन पोचला, म्हातारीला उचलून दवाखान्यात नेलं. इथवर ठीक होतं. पण तिथं डॉक्टरला म्हणाला, "तुम्हाला कळतं का काही? हे प्लॅस्टर असं घालतात का? माझा मिस्त्री बरं घालील." डॉक्टर चिडला. मेडिकलवाल्याला रोज त्याच डॉक्टरशी काम. त्यानं हात जोडले आणि ठेकेदाराला घरी पाठवलं.

त्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. हा राक्षसाची वाट बघतोय! टेकडीवर उभा आहे बाबा, पट्ट्याशिवाय. आमच्यावर काहीतरी मोठं संकट यावं, ह्यानं ते वितळवावं आणि आम्ही त्याला परत बोलवावं. वय एवढं झालं, केस पिकले, आणि परत यायची रीत ह्याला एकच ठाऊक, ती त्या भाड्याच्या बाकावर वाचलेली. मला हसावं का रडावं कळेना. म्हणून मी भडकलो. खाली उतरलो, रस्ता ओलांडला आणि टपरीवर त्याच्यापुढं उभा राहिलो.

"मास्तरच्या घरी जा. 'चुकलो' म्हण. एवढंच! संपलं!"

"पिवळ्या कधी चुकलो म्हणला? एका तरी अंकात दाखव."

"तू पिवळ्या आहेस का रे?"

"माफी मागून आत घेतलं तर ती भीक झाली," तो म्हणाला. "माणसानं काम करून दाखवावं. मंग लोक आपोआप बोलवतात."

"अरे, पण जालन्यात मी तुझ्यासाठी राक्षस कुठून आणू?"

ह्यावर तो हसला नाही. चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "येतोच की कवा ना कवा." मला त्याची इतकी कीव आली की मी आणखी दोन शिव्या घातल्या आणि वर आलो.

मग त्याच्या लेकीचा पुण्याहून फोन. लहानपणापासून मला काका म्हणते. "काका, बाबा बरे आहेत ना? आधी रविवारी फोन केला की दोन मिनिटांत ठेवून द्यायचे, मंडळी जमली, निघतो म्हणायचे. आता ठेवतच नाहीत. सकाळी काय केलं, दुपारी काय करणार, भाजी कुठली आणली, सगळं विचारत बसतात. मला बरं वाटतं, पण काका, काही झालंय का?" काय सांगू पोरीला? म्हणालो, काही नाही, वय झालं की माणूस बोलका होतो.

त्यानंतर ठेकेदारानंच फोन केला. आवाजात जुना जोर. "संभाजीनगरच्या एका रद्दीवाल्याकडं ती मालिका आली म्हणतात. पूर्ण अंक, शेवटच्या पानासकट. चल माझ्यासंग. मूळ पान आणून मास्तरच्या पुढं ठेवतो, मंग बोल."

हाच त्याचा राक्षस! आणि नेमकं हेच नको होतं. तो अंक सापडून ठेकेदार खरा निघाला, तर हा तो मास्तरच्या नाकासमोर धरून नाचणार आणि मास्तर आमच्यापासून कायमचा तुटणार. मी गेलो, ते त्याला अडवायलाच गेलो. आणि खरं सांगायचं तर, ती पानं बघायची मलाही हौस होतीच.

रद्दीवाल्याचं गोडाऊन म्हणजे सगळी धूळ. ठेकेदार गुडघ्यावर बसून गठ्ठे उपसत होता, शिंकत होता, रद्दीवाल्याला रद्दी कशी रचावी हे शिकवत होता. आणि दुपारच्या सुमाराला ओरडला, "सापडलं!"

कव्हरसकट होता अंक. आम्ही दारात उजेडाला आलो आणि शेवटची पानं उघडली. पिवळ्या राक्षसासमोर उभा, हनुवटी वर, हात पुढं केलेला, आणि डोक्यावर फुगा: पहले पट्टा दो! अगदी अक्षरन् अक्षर. ठेकेदार लहान पोरासारखा नाचायला लागला. रद्दीवाल्याला बोलावून दाखवलं, रस्त्यानं जाणाऱ्या एका अनोळखी माणसाला थांबवून दाखवलं. "बघ! बघ! मी सांगत व्हतो का न्हाई!" मी मनात म्हणालो, गेला मास्तर.

परत येताना मी गाडीत त्याला शंभरदा बजावलं, हे पुस्तक मास्तरला दाखवायचं नाही. तो कशाला ऐकतोय. "खरं ते खरं! त्यात लाजायचं काय?" बदनापूरला चहाला थांबलो. तिथं त्यानं अंक परत उघडला आणि ते पान बघत बसला. बघत बसला, बघत बसला, चहावर साय धरली तरी बघतच बसला.

"बाई पट्टा फेकती रे त्याच्याकडं," तो म्हणाला.

मी वाकून बघितलं. खरंच की. खालच्या चौकटीत निळी बाई पट्टा हातात देत नव्हती. तोंड फिरवून, कुत्र्यापुढं भाकर टाकावी तसा त्याच्या पायाशी टाकत होती. पिवळ्या तो वाकून उचलत होता.

"लहानपणी मला हे दिसलंच न्हाई," ठेकेदार म्हणाला. "मला वाटायचं त्यानं जिंकलं." मग बऱ्याच वेळानं, "मास्तरची बाई पळत येती. हातात पट्टा घेऊन."

पुढं जालना येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मी त्याला ताप आला का म्हणून दोनदा विचारलं. अंक त्यानं सीटखाली सारला. उतरताना म्हणाला, "रविवारी येतो मी वर. हाकललं तरी येतो." मी म्हटलं, ये, काय होईल ते होईल. पण रात्रभर मला तोच फुगा दिसत राहिला.

रविवारी मास्तर आणि मेडिकलवाला चटईवर बसले होते. जिन्यावर पावलं वाजली आणि ठेकेदार दारात. आत आला नाही. मास्तर पिशवी आवरायला लागला.

"थांब. एवढं ऐक, मंग जा," ठेकेदार म्हणाला. "मूळ अंक बघितला. संभाजीनगरला."

"कुठंय?" मेडिकलवाल्यानं विचारलं.

"दुकानदार द्यायला तयार न्हाई. तिथंच वाचून परत केला."

मी चमकून त्याच्याकडं बघितलं. अंक त्याच्या गाडीच्या सीटखाली होता, मी स्वतः बघितला होता. ठेकेदार माझ्याकडं बघेना. वरच्या पंख्याकडं बघत होता.

"मंग? काय बोलतो पिवळ्या?"

"काही न्हाई. एक शब्द बोलत न्हाई. राक्षस वितळवतो अन् निघून जातो. बाई पट्टा घेऊन मागं पळती. मास्तरनं काढलं बराबर तसंच हाय." त्याचे कान लालबुंद झाले होते. "मी चुकीचं लिहिलं. माझ्या ध्यानात दुसरंच काहीतरी राह्यलं. चुकलो मी."

मी आ वासून बघत राहिलो. हा माणूस! जो स्वतःच्या लग्नात पंगतीत उभा राहून वरणात हिंग जास्त म्हणाला होता! त्याच्याकडं पुरावा होता, आयुष्यात पहिल्यांदा छापील पुरावा होता, आणि तो सीटखाली ठेवून वर आला होता. मला त्याला मिठी मारावीशी वाटली. पण मी मूग गिळून गप्प बसलो, कारण तोंड उघडलं असतं तर सगळं बाहेर आलं असतं.

मास्तरनं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "मीही वाचल्तं ते."

"काय?"

"भोकरदनला. तुझ्याच शेजारी बसल्तो मी. तू पानं उलटून राह्यला व्हता, अन् मी तुझ्या खांद्यावरून बघून राह्यलो व्हतो. पहले पट्टा दो. अन् बाई पट्टा त्याच्या पायाशी फेकती." मास्तरचा आवाज शांत होता. "मला पिवळ्या आवडायचा न्हाई. पण त्याला असं घेतलं म्हणून लई वाईट वाटल्तं मला. एवढी वर्षं वाटत राह्यलं. म्हणून तर दुसरं काढलं रे. अन् तू नेमकं तेच आणून त्याच्यावर लिहिलं."

ठेकेदाराचं तोंड उघडं. मग त्याचा चेहरा असा काही झाला की मी खिडकीकडं वळलो.

"मंग तवाच सांगायचं ना येड्या!" तो ओरडला, पण आवाज मधेच फाटला. "एवढं खोटं बोलायला लावलं मला! फुकट गेलं ना सगळं!"

"फुकट न्हाई गेलं," मास्तर म्हणाला. "चपला काढ अन् आत ये."